अंगठ्याखालची काच

मी उलटा टांगलेला बोलतोय. दचकू नका, वटवाघूळ नाही मी. मी एक घड्याळ आहे, नर्सच्या गणवेशावर डाव्या खांद्याखाली पिनेनं अडकवतात ना, तसलं. मनगटावर घड्याळ असलं की कोपरापर्यंत हात धुता येत नाहीत, म्हणून आमची ही सोय. समोरच्याला माझे बारा खाली आणि सहा वर दिसतात. पण जिच्या अंगावर मी असतो, तिनं मान खाली घालून मला चिमटीत उचललं की मी तिच्यापुरता सुलटा होतो.

एरवी मला बोलायची सवय नाही. टिकटिक करावी, वेळ सांगावी आणि गप्प बसावं, हा आमचा धर्म. पण एका बाईचं चालणं माझ्यामुळे गेलंय आणि त्याचा बोल लागलाय दुसरीलाच. ते मला सहन होत नाही. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून तुम्हाला धरलंय. जरा बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. खिडकीला लागून लांबच लांब बाक, आणि बाकावर डोळ्याला भिंग लावलेल्या बायका ओळीनं बसलेल्या. माझा सेकंद काटा बसवणारी बाई काटा टेकवताना श्वास रोखून धरायची. तो बसला की हुश्श करून शेजारणीशी सासूचा विषय जिथं सोडला होता तिथून पुढं सुरू करायची.

माझी काच मात्र नीट लक्षात ठेवा, पुढं तिचंच काम आहे. काच म्हणायची आपली, खरं तर ते पारदर्शक प्लॅस्टिक. मधोमध फुगीर, डोळ्याच्या बुबुळासारखी. माझा सेकंद काटा सगळ्यात वर बसतो, त्याला डोक्यावर जागा लागते, म्हणून ती तशी केलेली. बाकावरच्या पोरी मला कुबड्या म्हणायच्या. मला राग यायचा. आता वाटतं, ते कुबड होतं तोवर माझं सगळं बरं चाललं होतं.

पहिली सहा वर्षं मी एका मेट्रनबाईंच्या छातीवर काढली. बाई कडक, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. निवृत्त होताना त्यांनी मला पिनेवरून काढलं आणि वॉर्डातल्या सगळ्यात नव्या पोरीच्या हातात ठेवलं. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाई म्हणाल्या, "ही एकटीच पुरं मिनिट मोजते."

ती पोर म्हणजे माझी सिस्टर. पुढं छत्तीस वर्षं मी तिच्या खांद्याखाली होतो. रोज सकाळी सातला ती मला चावी द्यायची, अकरा वेढे, ना एक कमी ना एक जास्त. बोटं रोग्याच्या मनगटावर, नजर माझ्यावर, आणि ओठ किंचित हलताहेत. त्या एका मिनिटात तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही, मग डॉक्टर का असेनात.

एकदा काय झालं, नव्या आलेल्या एका मुलीनं सगळ्या वॉर्डाच्या कागदांवर नाडीचे ठोके बहात्तर लिहून ठेवले. वीस खाटा, वीस बहात्तर. सिस्टरनं एकेक कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, "काय गं, सगळे जुळे भाऊ आहेत का हे?" मुलगी रडायला लागली. सिस्टरनं तिला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, "न मोजता लिहिलेला आकडा म्हणजे रोग्याच्या तोंडावर खोटं बोलणं. आणि बोटांचं ऐकू नकोस. बोटं दमतात, घाबरतात, त्यांना वाटेल ते वाटतं. घड्याळाला काही वाटत नाही."

ते ऐकून मी किती फुगलो होतो म्हणून सांगू! छत्तीस वर्षं प्रत्येक नव्या मुलीला ती हेच सांगायची आणि प्रत्येक वेळी मी नव्यानं फुगायचो.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर निवृत्त झाली. मला तिनं आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलं, पण सकाळची चावी कधी चुकली नाही. घरी ती एकटीच. एकटी म्हणायचं ते नुसतं नावाला, कारण तिच्या तिसऱ्या मजल्यावर तीन दारं आणि तिन्ही दारं सताड उघडी. समोरच्या दारात पोस्टबाई, डावीकडं ब्रेकबाई.

पोस्टबाई एकोणतीस वर्षं पायी टपाल वाटत होती. खात्यानं सायकल देऊ केली तर म्हणाली, सायकलवरून माणसं दिसत नाहीत. बारीक अंगाची, बडबडी, एका जागी दहा मिनिटं बसली तर पाय दुखतात म्हणणारी. तिच्या वाटेवरची कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची सोडून तिला पुढच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायची. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि शेवटच्या दिवशीही सगळा रस्ता चालूनच संपवायचा, हे तिनं आधीच ठरवलेलं.

ब्रेकबाई गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून तिच्या उजव्या पायाला खोड लागलीय. सोफ्यावर बसली, टीव्हीत कुणी जोरात आलं, की पाय आपटलाच. तिचे यजमान गरीब माणूस, दोघी त्यांना भावजी म्हणतात आणि बिचाऱ्यांकडून पंखे दुरुस्त करून घेतात.

तर सिस्टरची साठी आली. दोघींनी ठरवलं, हिला समुद्रावर न्यायचं. शुक्रवारी दुपारी निघायचं, शनिवारी वाढदिवस, रविवारी परत. सिस्टर म्हणाली, "साठी म्हणजे काय मोठा पराक्रम आहे का?" पण आदल्या आठवड्यातच तिची पिशवी भरून तयार होती, ती मी बघत होतो.

गुरुवारी पोस्टबाई वाटीभर साखर मागायला आली. सिस्टर आत वळली आणि हिनं मला खिळ्यावरून अलगद उतरवून खिशात टाकलं! मला वाटलं, आता हिला चोरीचीही सवय लागली की काय. ती तडक गेली कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडं. माझी काच इतक्या वर्षांत स्पिरिटनं पुसून पुसून धुरकट झाली होती आणि सिस्टरला आकडे दिसत नाहीत, हे पोस्टबाईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. वाढदिवसाला नवी काच, अशी तिची कल्पना.

घड्याळजी म्हातारा आणि सावध. म्हणाला, "ही फुगीर काच आता येत नाही. चपटी बसेल. पण दोन दिवस ठेवून जा. चालवून बघायला हवं."

"दोन दिवस कुठले, काका! उद्या निघायचंय आम्हाला. साठावा आहे तिचा. तुम्ही फक्त चकचकीत करून द्या. बाकी हे कधी चुकत नाही, वैद्यकीय आहे ते."

घड्याळजी हसला आणि कामाला लागला. चपटी काच बसवून मला कानाशी धरलं, भिंतीवरच्या घड्याळाशी दहा मिनिटं ताडून बघितलं. मी एक सेकंदही चुकलो नाही. त्याला मी दोष देणार नाही. मला टेबलावर ठेवलं की मी बरोबर, टांगलं की बरोबर. पण शेवटी त्यानं फडक्यानं मला पुसलं, त्याचा अंगठा काचेवर दाबला गेला, काच किंचित वाकली आणि माझ्या सेकंद काट्याच्या डोक्याला टेकली. आलेली शिंक अडकावी तसं मला झालं. अंगठा उचलला आणि मी पुन्हा सुरळीत चालू लागलो. त्याला काहीच कळलं नाही. मला कळलं, पण माझं ऐकतो कोण?

शुक्रवारी सकाळी सातला सिस्टरचा हात खिळ्याकडं गेला आणि खिळा रिकामा. सगळं घर उलटंपालटं केलं तिनं. पोस्टबाई शहाण्यासारखी खाटेखाली वाकून मला शोधत होती, आणि मी तिच्याच खिशात. "मिळेल गं, जातंय कुठं," म्हणत होती, आणि हसू आलं की खोकत होती. वाटभर सिस्टर गाडीत गप्प. ब्रेकबाई दर वळणावर म्हणायची, "अगं, वाढदिवसाला चाललोय, तेराव्याला नाही!"

शनिवारची सकाळ. समुद्राकाठच्या पाहुणेघरातल्या दोन खोल्या, वरचा मजला, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. ब्रेकबाईनं केक आणला होता, त्यावर एकच मेणबत्ती. साठ लावल्या तर अग्निशमन दलाला बोलवावं लागेल म्हणाली. केक कापून झाला आणि पोस्टबाईनं रुमालाची पुरचुंडी पुढं केली.

सिस्टरनं ती उघडली. मी तिच्या तळहातावर लखलखत होतो. तिनं मला उलटासुलटा करून बघितलं. मग तिनं पोस्टबाईच्या पाठीत एक धपाटा घातला. "भवाने! काल दिवसभर माझा जीव टांगणीला लावलास!" आणि हसत हसत रडली. मला तिनं तिथल्या तिथं खांद्याखाली लावलं. दोन वर्षांनी मी माझ्या जागेवर आलो होतो.

ब्रेकबाई गाडी काढायला खाली गेली. दीपगृह बघायला जायचं ठरलं होतं. खोलीत दोघीच राहिल्या. पोस्टबाईनं मनगट पुढं केलं.

"चल, उद्घाटन माझ्या हातानं कर."

"इश्श, काय उद्घाटन!" सिस्टरनं हात धरला आणि तिचा चेहरा बदलला. "एवढा गार का गं हात?"

पोस्टबाईनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. गेल्या पंधरवड्यात दोन-तीनदा डोळ्यांपुढं अंधारी आली. एकदा तर थैलीसकट एका फाटकाला धरून उभी राहिले. ब्रेकबाईला बोलू नकोस, ती इथूनच गाडी वळवेल आणि सगळा विचका होईल."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"आता बोलले ना. तू मोज. तू म्हणशील ते. जाऊ नको म्हणालीस तर इथं खुर्चीत बसून राहीन, शप्पथ."

सिस्टरनं तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. दुसऱ्या हाताच्या चिमटीत मला उचललं. बोट पाठीमागं आणि अंगठा पुढं, काचेवर, छत्तीस वर्षं धरायची तसाच. फुगीर काचेला त्या अंगठ्यानं कधी काही झालं नव्हतं. ही चपटी काच वाकली आणि माझ्या काट्यावर बसली.

मी जीव तोडून ओढत होतो. काटा अडायचा, सुटायचा, पुन्हा अडायचा. तिच्या डोळ्यांना ते दिसण्याइतकं मोठं नव्हतं. माझं अर्धं मिनिट संपलं तेव्हा बाहेरच्या जगात बेचाळीस सेकंद होऊन गेले होते.

"संथ वाटतंय गं," सिस्टर पुटपुटली. बरोबर होतं तिचं! तिच्या बोटांना बरोबर कळलं होतं. मग तिनं माझ्याकडं बघून हिशेब केला. "अठ्ठावीस. म्हणजे छप्पन्न."

"कमी आहे?"

"कमीच. पण चालणाऱ्यांचा कमीच असतो. धावपटूंचे मी पन्नासच्या आत बघितलेत."

बोटं अजून मनगटावरच होती. नियम पुऱ्या मिनिटाचा. तिनं मला पुन्हा उचललंही, पण खाली ब्रेकबाईनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. पोस्टबाई उठून चपला शोधायला लागली. सिस्टर म्हणाली, "सोमवारी दाखवायचं मात्र. मी स्वतः घेऊन जाणार."

"जशी आज्ञा, सिस्टर."

खरा आकडा चाळीस होता. मी तिला छप्पन्न सांगितलं.

दीपगृहाला एकशे शहाऐंशी पायऱ्या. आत गोल दगडी जिना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. ब्रेकबाई खालीच बसली, म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचा क्लच गेलाय, तुम्ही या जाऊन." पोस्टबाई पुढं, सिस्टर मागं. पोस्टबाई पायऱ्या मोठ्यानं मोजत होती आणि मधूनच मागं वळून, "काय साठीच्या बाई, दमलात का?" म्हणून चिडवत होती. शंभर झाल्या. एकशे दहा झाल्या. एकशे बारा म्हणाली आणि पुढचा आकडा आलाच नाही.

ती सरळ मागं कोसळली. सिस्टरनं अंग मध्ये घातलं, दोघी सात-आठ पायऱ्या घसरत आल्या. पोस्टबाईचं कंबरेखालचं हाड दगडाच्या कडेवर आपटलं, त्याचा आवाज मी ऐकला. सिस्टरची बोटं तिच्या गळ्याशी गेली. मला उचलायची गरजच नव्हती. एक ठोका लागला, आणि दुसरा कधी येतोय याची ती वाट बघत राहिली. मग ती ओरडली. एवढ्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

रुग्णवाहिका, गावातला दवाखाना, तिथून मोठं रुग्णालय. एका तरुण नर्सनं दारातच हात आडवा केला. "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

"मी सिस्टर आहे."

"हो मावशी, पण इथं आम्ही आहोत ना."

सिस्टर बाकावर बसली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, हृदयातला सिग्नलच खाली पोचत नाहीये, ठोके अडतीस-चाळीसच्या पुढं जात नाहीत, यंत्र बसवावं लागेल. खुब्याचं हाड मोडलंय, ते वेगळं. आधी काही त्रास होता का, असंही विचारलं.

"सकाळी मीच मोजले होते," सिस्टर म्हणाली. "छप्पन्न होते."

डॉक्टरांनी तिच्याकडं जरा बघितलं. "छप्पन्न? कठीण वाटतं. बरं, असो." आणि ते गेले.

त्या 'असो'नं ती खचली. आणि ब्रेकबाईला आता सगळं कळलं होतं. ती संतापून बाकासमोर उभी राहिली. "तिला अंधारी येत होती, ते तुला माहीत होतं? आणि तू तिला वर चढवलंस? मला एक शब्द बोलली असतीस तर मी गाडी नसती का वळवली? कसली गं तू सिस्टर?"

सिस्टरनं मान वर केली नाही. "मोजूनच म्हणाले होते गं," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी पोस्टबाई उठून बसली. खांद्याच्या खाली कातडीत यंत्र, पायाला वजन बांधलेलं. चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती. डॉक्टर सकाळी सांगून गेले होते, ठोका आता साठाच्या खाली जायचा नाही. पडून असलात की घड्याळासारखा साठ. पायाचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. काठीनं घरात हिंडाल, टपालाची थैली आता विसरा.

सिस्टर आली तशी पोस्टबाईनं मनगट पुढं केलं. "मोज बघू. तुझ्या वाढदिवसाचे साठ मी इथं भरून ठेवलेत."

सिस्टरनं बोटं ठेवली, मला उचललं. अंगठा काचेवर. मी ओढू लागलो, अडू लागलो. अर्धं मिनिट झालं.

बेचाळीस. म्हणजे चौऱ्याऐंशी.

ती चमकली. खाटेच्या डोक्याशी ठोके दाखवणारा पडदा होता, त्यावर साठ होते. तिनं समोरच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं. मग हळूच अंगठा उचलला. माझा काटा सुटला आणि तुरुतुरु पळाला. तिनं अंगठा टेकवला. काटा अडला. उचलला, पळाला. पुन्हा टेकवला.

तिला सगळं समजलं. तिच्या अंगठ्याचा घाम माझ्या काचेवर उमटला. त्या क्षणी माझ्यासारखं घड्याळ जगात नसतं तर बरं, असं मला वाटलं. पण एक बरंही वाटलं, की आता ही सुटली. आता ही ब्रेकबाईला सांगेल, डॉक्टरांना सांगेल, की माझं मोजणं चुकलं नव्हतं, माझ्या बोटांना बरोबर कळलं होतं, घड्याळच दगाबाज निघालं. सांगू दे. माझे तुकडे केले तरी चालतील.

तेवढ्यात पोस्टबाई म्हणाली, "काच नीट बसलीय ना गं? त्या म्हाताऱ्याला मी घाई केली. दोन दिवस ठेव म्हणत होता, मी ऐकलं नाही."

सिस्टर माझ्याकडं बघत होती.

"झकास बसलीय," ती म्हणाली.

"मग किती आले?"

"साठ."

वीस खाटांवर वीस बहात्तर लिहिणारी ती मुलगी मला आठवली. माझ्या सिस्टरनं आयुष्यात पहिल्यांदा न मोजलेला आकडा सांगितला होता.

पोस्टबाई चादरीची सुरकुती सरळ करत म्हणाली, "त्या सकाळी छप्पन्न म्हणालीस..."

"चुकलं माझं." सिस्टरनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "अर्ध्याच मिनिटात उरकलं मी. हॉर्न वाजत होता. माझंच चुकलं गं. मला माफ कर."

"वेडी आहेस. साठी झाली तुझी, चुकायचंच आता," पोस्टबाई म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं करून रडली. कशासाठी ते मला नक्की सांगता येणार नाही. पायासाठी असावं.

याला आता सात महिने होत आले. पोस्टबाईला खात्यानं खिडकीमागं बसून शिक्के मारायचं काम दिलंय. सकाळी तिची जुनी वेळ झाली की ती काठी टेकत जिन्याच्या कठड्यापर्यंत येते आणि खालच्या रस्त्याकडं बघत उभी राहते. तिच्या वाटेवरचं एक पिवळं कुत्रं दोन-तीनदा फाटकाशी येऊन गेलं. नवा टपालवाला सायकलवरून येतो.

ब्रेकबाई महिनाभर सिस्टरशी बोलत नव्हती. आता बोलते, पण तोलूनमापून. पूर्वी सगळ्या जिन्यातली माणसं ताप आला, चक्कर आली की सिस्टरचं दार वाजवायची. हल्ली कुणी येत नाही. भावजींना परवा छातीत धडधडलं, तर ब्रेकबाई त्यांना गाडीत घालून थेट दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टर दारातच उभी होती. "बघू का मी?" असं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ती बोलली नाही. गाडी गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. आमच्या मजल्यावर ते दार दिवसा कधी लागलेलं मी बघितलं नव्हतं.

एक वाक्य बोलली असती तर सगळं फिरलं असतं. पण ते वाक्य थेट पोस्टबाईच्या छातीत गेलं असतं, की मीच हौसेनं काच बदलली, मीच घाई केली, आणि माझा पाय मीच घालवला. म्हणून ही मूग गिळून बसलीय. माझी काच ती बदलूनही घेत नाही. फुगीर काच दिसली की पोस्टबाई विचारणार, का बदललीस?

दर रविवारी सकाळी पोस्टबाई काठी टेकत समोरून येते आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसते. सिस्टर मला खिळ्यावरून काढून खांद्याखाली लावते. पोस्टबाईला ते आवडतं, तिची भेट आहे मी. ती मनगट पुढं करते. सिस्टर बोटं ठेवते, मला चिमटीत उचलते, मान खाली घालते. बघणाऱ्याला वाटावं, ही माझ्याकडंच बघतेय. पण तिचे डोळे मिटलेले असतात. सेकंद मनातल्या मनात धरून ती बोटांनी मोजते. मी सरळ चालतोय की अडतोय, याच्याशी तिला आता काही देणंघेणं नाही.

"किती?" पोस्टबाई विचारते.

"साठ."

"बघ, घड्याळ कसं बरोबर चालतंय," पोस्टबाई म्हणते, आणि माझ्या काचेवरचा डाग आपल्या पदरानं पुसते. तिचा अंगठा जोरात दाबला जातो आणि माझा काटा थांबतो. सिस्टर बघत असते. मग उठून चहा टाकते.

मला दुसरं काही नको. एक दिवस त्या दोघींपैकी कुणाच्या तरी हातून मी फरशीवर पडावं आणि ही काच फुटावी, एवढंच मागणं आहे. पण दोघी मला फार जपून धरतात.

तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आमच्या जिन्यात राहत नाही. कधी त्या तिसऱ्या मजल्यावर आलातच, तर सिस्टरला तुमचं मनगट द्या. तेवढं कराच. ती मला उचलेल, तिला उचलू द्या. आकडा सांगेल तो बरोबर असेल. आणि काचेचं मात्र तिथं चुकूनही बोलू नका, समोरचं दार उघडंच असतं.